वजनकाट्याचा रिव्ह्यू, कॉकटीलच्या पिल्लासकट

सुरुवातीलाच सांगते, हा काटा स्वयंपाकघरासाठी बनवलेला आहे, खोक्यावर भाज्यांचा फोटो आहे, आणि मी त्यावर आजवर एकदाही भाजी मोजलेली नाही. मी तो घेतला कॉकटीलच्या, म्हणजे काकाकुव्याच्या कुळातल्या एका छोट्या पक्ष्याच्या, १६ दिवसांच्या पिल्लासाठी आणि गेली अडीच वर्षं तो रोज सकाळी त्याच एका कामाला येतो. त्यामुळे किचनसाठी कसा आहे असं विचारायला आला असाल तर सॉरी, पण पिल्लू हाताने वाढवताय किंवा वाढवायचा विचार करताय तर शेवटपर्यंत वाचा, कारण पावडर, सिरिंज, ब्रूडर (पिल्लाला उबेत ठेवायची पेटी), थर्मामीटर असं बरंच काही घेतलं आणि त्या सगळ्यात जास्त उपयोगी हाच पडला, जो मी यादीत सगळ्यात शेवटी लिहिला होता.

काटा साधा आहे. ५ किलोपर्यंत वजन, १ ग्रॅमचा फरक दाखवतो, वर सपाट काच, समोर दोन बटणं. एक चालू करायचं, त्यानेच शून्यही करायचं, आणि दुसरं युनिट बदलायचं, ज्याबद्दल पुढे बोलूच. दोन बारीक पेन्सिल सेल लागतात. कुठलंही बटण दाबलं की बारीक पण तीक्ष्ण बीप वाजते. ही बीप लक्षात ठेवा.

आता पिल्लू कुठून आलं ते. मैत्रिणीकडे कॉकटीलची जोडी आहे, त्यांना पाच पिल्लं झाली. या पक्ष्यांची अंडी एक दिवसाआड घातली जातात आणि पिल्लंही तशीच मागेपुढे बाहेर येतात, म्हणजे सगळ्यात थोरलं आणि सगळ्यात धाकटं यांच्यात आठवड्याचा फरक सहज पडतो. धाकटं बिचारं बाकीच्यांच्या खाली दाबलं जायचं, आईबाप भरवायला आले की वरची चार तोंडं आधी. १६ व्या दिवशी मैत्रिणीने फोन केला की याचा क्रॉप, म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी, दोन दिवस जवळपास रिकामीच दिसतेय, मला ऑफिसमुळे दिवसातून चार वेळा भरवणं जमणार नाही, तू घरून काम करतेस तर बघशील का. तिने आधी तीन पिल्लं वाढवलेली, त्यामुळे कसं भरवायचं ते तिनेच हाताला धरून शिकवलं. मी आयुष्यात कधी सिरिंजने कुणाला काही पाजलं नव्हतं. हो म्हणून बसले.

आल्या दिवशी काट्यावर ठेवलं तर ४४ ग्रॅम. मोठा कॉकटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो आणि या वयाचं पिल्लू त्याच्या अर्ध्याच्या बरंच पुढे गेलेलं असायला हवं. अंगावर पिवळी लव, त्यातून निघालेल्या काट्यांसारख्या पिसांच्या नळ्या, पोट केवढं मोठं, डोळे उघडलेले आणि आवाज असा की दरवाजाची बिजागरी तेलाअभावी रडतेय. आई म्हणाली हा पक्षी आहे की साळिंदर.

काट्याचं पहिलं काम म्हणजे किती भरवायचं ते ठरवणं. ढोबळ नियम असा की एका वेळी वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणजे ४४ ग्रॅमच्या पिल्लाला ४ मिली, जराही जास्त नाही. अंदाजाने भरवायला गेलात तर नक्की चुकाल, कारण पिल्लू पोट भरलं तरी भीक मागतच राहतं आणि आपला जीव तुटतो. आणि सिरिंजमधून गेलेलं सगळं पोटात जातं असंही नाही. पहिल्याच दिवशी भरवण्याआधी आणि नंतर वजन केलं तेव्हा कळलं की मी ४ मिली दाबले आणि पिल्लू फक्त २ ग्रॅमने वाढलंय, बाकीचं त्याच्या छातीवर, टेबलावर आणि माझ्या बाहीवर. छातीवरचं लगेच कोमट ओल्या फडक्याने पुसायचं, वाळलं की सिमेंट होतं आणि नंतर काढताना कोवळी पिसं ओढली जातात.

पावडरबद्दल थोडक्यात. तयार हँड फीडिंग फॉर्म्युलाच घ्या, घरचा काहीतरी लगदा करून पाजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथे १९८० च्या दशकात खास कॉकटीलच्या पिल्लांवरच प्रयोग झाले होते आणि वाढीसाठी आहारात साधारण २० टक्के प्रोटीन लागतं असं त्यातून निघालं, म्हणजे नुसती पातळ पेज पाजून पोट भरेल, पिल्लू वाढणार नाही. पाण्याचं प्रमाण पाकिटावर वयाप्रमाणे दिलेलं असतं ते पाळा. तापमान ३९ ते ४१ डिग्री. बोटाने बघून चालत नाही, थर्मामीटरच हवा, कारण ४३ च्या वर गेलं तर क्रॉप आतून भाजू शकतो आणि थंड असलं तर पिल्लू तोंड फिरवतं किंवा खाल्लेलं पुढे सरकत नाही. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मधेच कुठेतरी उकळता गोळा राहतो आणि वरून कोमट वाटतं. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने चोचीत धरून उजवीकडे तिरकी, आणि ते मान पंपासारखी वरखाली हलवत गिळत असेल तेवढ्याच वेळात दाबायचं. मान थांबली की आपणही थांबायचं, नाहीतर श्वासनलिकेत जातं आणि मग वेळ मिळत नाही. हे वाचून कुणी शिकू नका, माझ्यासारखं कुणाच्या तरी समोर बसून शिका.

तर रोज सकाळी पहिल्या फीडच्या आधी, क्रॉप रिकामा असताना वजन. हेच वजन खरं, दिवसभरातली बाकीची सगळी पोटातल्या अन्नाची. वही केली. ४४, मग ४६.

दुसऱ्याच दिवशी म्हणजे त्या ४६ च्या दिवशी मला हार्ट अटॅक यायचा बाकी होता, कारण काट्यावर आकडा आला १.६. पिल्लू समोर जिवंत ओरडतंय आणि काटा म्हणतोय दीड ग्रॅम. काटा बिघडला म्हणून बंद केला, चालू केला, परत १.६. मैत्रिणीला व्हिडिओ कॉल. ती इतकी हसली की तिच्याकडचे दोन मोठे पक्षी पण ओरडायला लागले. ते युनिटचं बटण दाबलं गेलं होतं आणि काटा औंसात दाखवत होता. हे बटण बरोबर तिथे आहे जिथे आपण पिल्लू पडू नये म्हणून हात आडवा धरतो. कंपनीने ते खाली तळाला द्यायला हवं होतं. मी त्यावर चिकटपट्टी लावून टाकली, अजून आहे.

आता खरी गोष्ट. चौथ्या दिवशी सकाळी वजन ५५. आदल्या दिवशी ४९ होतं. रोज दोन तीन ग्रॅमने वाढणारं पिल्लू एका रात्रीत सहा ग्रॅमने वाढलं! मी नाचायचीच बाकी होते, सगळ्यांना मेसेज, माझ्या हातात जादू आहे वगैरे. दादा त्या वेळी दात घासत उभा होता, तो म्हणाला, काल रात्री किती दिलंस? म्हटलं ५ मिली. तो म्हणाला मग ते गेलं कुठे. मी क्रॉपला बोट लावलं तर पीठ भरलेल्या फुग्यासारखा. रात्रीचं सगळं तसंच पडून होतं. वजन वाढलं नव्हतंच, कालचं जेवण वाढलं होतं.

ब्रूडर म्हणजे आमचा प्लॅस्टिकचा टब आणि त्याच्या एका बाजूखाली हीटिंग पॅड. अर्धवट पिसं आलेल्या पिल्लाला साधारण ३० डिग्री लागतं. रात्री पॅडचा प्लग सैल झाला होता आणि आत २४ होते. अंग गार पडलं की पिल्लाचं पचन थांबतं आणि क्रॉपमधलं अन्न आंबायला लागतं. तिथून यीस्ट, इन्फेक्शन, सगळं सुरू होतं. थेट पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी पिल्लाला ऊब दिली, क्रॉप रिकामा झाल्याशिवाय एक थेंबही फीड द्यायचं नाही म्हणाले, मग पातळ आणि थोडं थोडं. वही बघितली आणि म्हणाले की वही ठेवलीत ते फार चांगलं केलंत, पण आकड्याच्या शेजारी क्रॉपचाही रकाना करा, रिकामा, अर्धा, भरलेला. त्या दिवसापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत. दोन दिवसांनी वजन ५० आणि क्रॉप रिकामा. ५५ पेक्षा त्या ५० चा मला जास्त आनंद झाला.

त्यानंतर गाडी रुळावर आली. २५ व्या दिवशी ७१, ३३ व्या दिवशी ९२. काट्याची पुढची अडचण इथे सुरू झाली, कारण पिल्लाला आता पाय फुटले. काच गुळगुळीत, पिल्लाचे पाय घसरून दोन्ही बाजूला जातात, हे त्याच्या पायांसाठीही वाईट. रबरी जाळीचा तुकडा टाकून शून्य करायचा आणि मग पिल्लू ठेवायचं. नंतर एक छोटी दांडी बसवली, तिच्यासकट शून्य. आणि आकडा स्थिर करून धरून ठेवायची सोय यात नाही, म्हणजे पक्षी हलला की आकडा नाचतो, ८९, ९४, ८७, आणि आपण श्वास रोखून बसायचं. वर हा काटा दोन मिनिटांत आपोआप बंद होतो. पिल्लाला मनवून काट्यावर चढवलं, ते एकदाचं शांत उभं राहिलं, आणि काटा बंद. माझा एक स्टार इथे गेलाय.

मग वजन कमी व्हायला लागलं. ९२, ९०, ८७, ८४. खातंय मात्र कमी, सिरिंज बघून तोंड फिरवतंय, पंख फडफडवतंय. मी परत घाबरले पण या वेळी आधी क्रॉप बघितला, विष्ठा बघितली, ब्रूडरचा थर्मामीटर बघितला, सगळं ठीक. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, उडायची तयारी आहे, या पक्ष्यांचं वजन पिसं पूर्ण होताना सगळ्यात जास्त असतं आणि उडायच्या आधी दहाएक टक्के उतरतंच. खरंच ३८ व्या दिवशी काट्यावरूनच पहिलं उड्डाण झालं, पडद्याला जाऊन लटकलं आणि वर बसून स्वतःच घाबरलं. वहीत त्या दिवशी आकडा नाही, कारण उतरवायलाच अर्धा तास गेला.

सिरिंज सोडवणं हा मात्र काट्याशिवाय करायचाच नाही असा प्रकार आहे. समोर राळ्याचं कणीस, पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), दाणे, बारीक चिरलेली पालेभाजी सगळं ठेवायचं आणि पिल्लू त्यात खेळतं, चोचीत धरतं, चावतं, टाकतं. आपल्याला वाटतं खाल्लं, आणि वजन सांगतं की काही नाही खाल्लं, नुसता पसारा केलाय. मी सातव्या आठवड्यात दुपारचं फीड बंद केलं, दोन दिवसांत ५ ग्रॅम उतरलं, परत चालू केलं. हट्टाने, उपाशी ठेवून सोडवायचं नाही, लोक करतात तसं, पिल्लू रडत राहतं आणि ती भीती पुढे राहते. आमच्याकडे शेवटचं रात्रीचं फीड दहाव्या आठवड्यात सुटलं आणि खरं सांगू, शेवटचे आठ दिवस त्याला भूक नव्हती, त्याला फक्त मांडीत बसायचं होतं.

आता त्या नात्याबद्दल, कारण सगळे हेच विचारतात, हाताने वाढवलं म्हणजे मग एकदम माणसाळतो ना. माझं मत विचाराल तर सिरिंजने माणसाळत नाही. आईबापाने वाढवलेल्या पिल्लाला रोज थोडा वेळ हातात घेतलं तर तेही छान माणसाळतं, मैत्रिणीकडची बाकीची चार तशीच वाढली आणि चारही खांद्यावर बसतात. त्यामुळे जास्त जीव लावेल म्हणून सिरिंज न सुटलेलं पिल्लू मुद्दाम कुणी विकत घेऊ नका, त्यात पिल्लाचा जीव जातो, तुमचा नाही. आमच्याकडे तर सिरिंज सुटल्यावर दोन आठवडे त्याने मला ओळखच दाखवली नाही. खोलीभर उडायचं, आरशासमोर बसायचं, मी हात पुढे केला की फुस्स. इतके आठवडे मांडीवर वाढवलेलं पिल्लू आपल्याला फुस्स करतं तेव्हा काय वाटतं ते विचारू नका.

पण वजन तर रोज करायचंच होतं. मग मी पकडणं बंद केलं. काटा ठेवायचा, बटण दाबायचं, बीप, दांडीवर राळ्याचा एक तुरा दाखवायचा आणि वाट बघायची. आला तर आला, नाही आला तर वहीत रेघ. पहिले तीन दिवस रेघ. चौथ्या दिवशी आला, खाल्लं, गेला. पंधरा दिवसांनी बीप वाजली की पिंजऱ्यातून सरळ काट्यावर. महिन्याभराने आकडा येईपर्यंत पुतळ्यासारखा उभा राहायला लागला आणि मग एक दिवस खाणं न घेताच मान खाली घालून डोकं माझ्या बोटाला लावून थांबला. डोक्यावरच्या नव्या पिसांच्या नळ्या त्याला स्वतःला साफ करता येत नाहीत, चोच पोचत नाही, ते काम जोडीदाराचं. मी नखाने हळूच एक एक नळी चुरडली, त्याच्या डोक्यावरचा तुरा आडवा, डोळे अर्धे मिटलेले. काटा बंद झाला होता, दोन मिनिटं होऊन गेली होती. त्या दिवशी चालून गेलं.

हो, आणि तो आहे, ती नाही. आम्ही नाव राणी ठेवलं होतं, कारण राखाडी कॉकटीलची सगळी पिल्लं पहिली पिसं गळेपर्यंत मादीसारखीच दिसतात. सहाव्या महिन्यात तोंड पिवळं धमक झालं, शेपटीखालचे पट्टे गेले आणि राणी शिट्ट्या मारायला लागला. नाव आता बदलत नाही, तो हाकेला येतो.

काट्याने सगळ्यात मोठा उपकार केला तो राणी दीड वर्षाचा असताना. वजन ९३ वर ठरलेलं. एका आठवड्यात ९३, ९१, ८८, ८५. वागण्यात काही फरक नाही, शिट्ट्या चालू, खाणं चालू, तुरा उभा. पक्षी आजार लपवतात, अगदी शेवटपर्यंत, आणि आपल्याला दिसतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आधी काट्यावर शंका घेतली, कारण सेल उतरले की हा काटा खोटं बोलतो हे मला माहीत होतं. तपासायचा उपाय सोपा आहे, कप ठेवून शून्य करा आणि सिरिंजने मोजून १० मिली पाणी घाला, १० ग्रॅम यायला हवं. आलं. म्हणजे काटा खरा होता. डॉक्टरांनी विष्ठा तपासली, आतड्यात इन्फेक्शन निघालं, दोन आठवडे औषध, परत ९२. वही नसती तर मला त्या आठवड्यात काहीच कळलं नसतं.

बाकी किरकोळ. काच रोज पुसावी लागते, कॉकटील हा काकाकुव्याच्या कुळातला सगळ्यात छोटा पक्षी आणि या कुळाच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, काटा काळा घेतलात तर दिवसभर पुसत बसाल. अगदी नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू असेल तर हा घेऊ नका, ते ५ ग्रॅमच्या आसपासचं असतं, तिथे १ ग्रॅमचा काटा म्हणजे थट्टा आहे, ०.१ ग्रॅमवाला घ्या. आणि स्वयंपाकाचा आणि पक्ष्याचा काटा वेगळा ठेवा, आमच्या आईने हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि तिचं बरोबर होतं. पाचपैकी चार स्टार.

हे लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात या काट्याची बीप गेली. वजन बरोबर दाखवतो, फक्त मुका झालाय. पहिल्या दिवशी बटण दाबलं, शून्य आलं, राणी दांडीसमोर येऊन उभा राहिला आणि चढेना. माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, तुरा ताठ केला आणि स्वतःच बीप केली, हुबेहूब, तीच तीक्ष्ण. मग चढला. ९३.